पुन्हा साथ आली तर? वन बीएचकेमधली तयारी

“मॅडम, पुन्हा तसंच काही आलं तर?” २०२० नंतर हा प्रश्न समुपदेशनाच्या खोलीतून गेलेलाच नाही. एखादी बातमी येते आणि तो पुन्हा दार वाजवतो. २०२५ च्या जानेवारीत एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या विषाणूच्या बातम्या सुरू झाल्या, तेव्हा तर आठवडाभर दुसरा विषयच नव्हता. वास्तविक हा विषाणू २००१ मध्येच नेदरलँड्समध्ये ओळखला गेलेला, म्हणजे चांगलाच जुना. पण “चीनमध्ये नवा व्हायरस” एवढे तीन शब्द लोकांची झोप उडवायला पुरले. या सगळ्यांना एकत्रच उत्तर द्यावं, म्हणून एका घराची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच बैठकांमधलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

कल्याणचं वन बीएचके. बाई चाळिशीच्या, बँकेत नोकरी. घरात नवरा, दहावीतला मुलगा आणि मधुमेह असलेल्या सासूबाई. सासरे २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत गेले. बाईंना घेऊन नवराच आला होता, आणि खरं तर वैतागून आला होता. “घर आहे की गोडाऊन तेच कळत नाही. दिवाणात मास्क, माळ्यावर मास्क. ओट्याखाली सॅनिटायझरचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन. काढतो म्हटलं की ही रडायला लागते.”

बाकीचं नंतर बघू, पण ते कॅन आजच ओट्याखालून हलवा, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. सॅनिटायझरमध्ये साठ-सत्तर टक्के अल्कोहोल असतं. त्याची वाफ गॅसच्या ज्योतीपर्यंत पोचली तर भडका उडतो. घरात अर्धा लिटरची एक बाटली पुरेशी आहे. हात धुवायला साबण आणि वाहतं पाणीच उत्तम, फक्त वीस सेकंद नीट चोळले पाहिजेत.

बाई दिवसातून पाच-सहा वेळा सगळ्यांचा ऑक्सिजन मोजायच्या. मुलगा अभ्यासाला बसला की त्याच्या बोटाला चिमटा. एकदा बोलता बोलता त्यांनी पर्समधून ऑक्सिमीटर काढला आणि स्वतःच्या बोटाला लावला. आकडा आला ९२. चेहरा पांढराफटक पडला.

“बघितलंत? मला वाटतच होतं.”

“हात बघू तुमचा.”

हात बर्फासारखा गार होता, एसीचा झोत थेट त्यांच्यावर येत होता. मी एसी बंद केला. तळहात एकमेकांवर चोळायला लावले, हात टेबलावर छातीच्या उंचीला टेकवून हलवू नका म्हटलं आणि पूर्ण मिनिटभर वाट बघितली. आकडा ९४, ९६ करत ९८ वर येऊन थांबला.

हे यंत्र ज्यांच्या घरी आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. गार बोट, गडद नेलपॉलिश, हलणारा हात, उतरलेले सेल, यातलं काहीही आकडा खाली आणू शकतं. पहिला दिसेल तो आकडा घ्यायचा नाही, स्थिर झालेला घ्यायचा. ताप-खोकला नसताना मोजायचंच नाही. आजारी माणसाचा दिवसातून तीन-चार वेळा मोजून वेळेसह लिहून ठेवायचा. ९५ किंवा वर ठीक. ९४ किंवा खाली सतत राहिला तर डॉक्टरांना फोन. ९० च्या आसपास आला, ओठ निळसर दिसले, बोलताना धाप लागली किंवा माणूस बरळायला लागला, तर तपासत बसायचं नाही, १०८ ला फोन करून निघायचं. फुप्फुसाचा जुना आजार असेल त्यांचे नेहमीचे आकडेच वेगळे असतात, ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवावेत.

आकडा ९८ झाला तरी बाईंची भीती गेली नव्हती, ती फक्त दुसऱ्या गोष्टीवर सरकली. तेव्हा मी विचारलं, “समजा, बाबांना नेलं त्या रात्री घरात पाचशे मास्क असते. काय वेगळं झालं असतं?”

“काहीच नाही.”

“मग काय असतं तर वेगळं झालं असतं?”

त्या बराच वेळ गप्प होत्या. असल्या शांततेत समुपदेशकाने तोंड उघडू नये, हे मी नव्या मुलांना नेहमी सांगते. मग त्या बोलायला लागल्या आणि थांबल्याच नाहीत.

“बाबांच्या गोळ्यांची नावं माहीत असती तर. हॉस्पिटलवाले फोनवर विचारत होते, बीपीची कुठली, रक्त पातळ व्हायची चालू आहे का, आणि मला सांगता येईना. विमा होता, पण कागद त्यांच्या कपाटात. किल्ली कुठे ते फक्त त्यांनाच ठाऊक, आणि त्यांना तर बोलवत नव्हतं. हे ठाण्याला फोन लावत होते, मी डोंबिवलीला, भाऊजी वाशीला. आम्ही तिघांनीही एकाच हॉस्पिटलला फोन केला होता, ते सकाळी कळलं. कोणी काय ठरवलंय हे कोणालाच माहीत नव्हतं.”

“हे सगळं जागच्या जागी असतं तर बाबा वाचले असते?”

“माहीत नाही.” मग जरा थांबून, “पण मी अशी आंधळ्यासारखी धावले नसते.”

या उत्तरासाठीच मी इतके दिवस थांबले होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझं काम उभं आहे, आणि अशा क्षणी त्या विचारांची ताकद फार जवळून दिसते. “माझ्या घरात पुन्हा असं होऊ नये” ही इच्छा कोणाचीही असेल, ती शहाणपणाचीच आहे. बाईंच्या मनात मात्र त्या इच्छेचा हट्ट झाला होता: पुन्हा असं होताच कामा नये, आणि होणार नाही याची मला आत्ता खात्री पाहिजे. अशी खात्री कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणून कितीही आणलं तरी पुरत नाही, आणि दर आणलेल्या खोक्याबरोबर मन म्हणतं, अजून काहीतरी राहिलंय. इच्छा इच्छाच राहिली तर तिची यादी करता येते आणि यादीच्या खाली रेघ मारता येते. आम्ही तेच केलं.

यादीची सुरुवात एका कागदापासून झाली. घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, रक्तगट, आजार, चालू गोळ्या मिलिग्रॅमसकट, कशाची अॅलर्जी. खाली विम्याचा पॉलिसी नंबर, टीपीएचा (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीचा) फोन, नेहमीच्या डॉक्टरांचा फोन, घराजवळची दोन हॉस्पिटलं क्रमाने. त्याखाली तीन नावं: आजाऱ्याची खोली कोण सांभाळणार, फोन कोण करणार, आणि तो सांभाळणाराच आजारी पडला तर त्याच्या जागी कोण. सांभाळणारा साठीच्या आतला आणि मधुमेह, दमा नसलेला असावा. या घरात ते काम नवऱ्याने घेतलं. फोनचं बाईंनी घेतलं, आणि भाऊजींनी त्यांना विचारल्याशिवाय कुठेही फोन करायचा नाही असं त्यांच्याशी बोलून ठरलं. एक प्रत फ्रिजच्या दारावर, एक आधारकार्डांच्या झेरॉक्सबरोबर फाइलमध्ये, फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये. कपाटाची दुसरी किल्ली त्याच फाइलमध्ये. हजार-दोन हजार रुपये सुटे, कारण नेटवर्क नसलं की यूपीआय चालत नाही.

या कामाला संध्याकाळचे दोन तास लागले आणि खर्च झाला झेरॉक्सचा. बहुतेक घरांत नेमकं हेच राहून गेलेलं असतं.

पुढच्या बैठकीला सासूबाईंना मुद्दाम बोलावलं. सुनेची सगळी धडपड ज्यांच्यासाठी चालली होती, त्यांना आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. “मला काय विचारायचं, तुम्ही ठरवाल ते,” असं म्हणत त्या बसल्या खऱ्या, पण किराण्याचा विषय निघाल्यावर बैठक त्यांनीच चालवली. सुनेने ओट्सची आणि तयार सुपांची पाकिटं आणून ठेवली होती. “हे आपल्याकडे कोण खातं ग?” सासूबाईंनी विचारलं, आणि सून पहिल्यांदा मोकळेपणाने हसली.

साठा रोजच्याच जेवणाचा हवा, दोन आठवडे पुरेल एवढा. चौघांना माणशी रोज साधारण तीनशे ग्रॅम धान्य धरलं तर सोळा-सतरा किलो होतं: सहा किलो तांदूळ, आठ किलो गहू आणि पीठ मिळून, बाकी पोहे-रवा. डाळी-कडधान्यं चार किलो, तेल दोन लिटर, मीठ एक किलो, शिवाय गूळ, शेंगदाणे, दूध पावडर. सगळं पीठ करून ठेवायचं नाही. पावसाळ्यात पीठ महिन्या-दीड महिन्यात कडवट होतं, अळी पडते. गहू वर्षभर टिकतो. पण गिरणी बंद असू शकते, म्हणून तीन-चार किलो पीठ दळलेलं असावं. रवा भाजून ठेवावा, तूरडाळीला एरंडेल चोळावं. नवं आणलं की ते मागे आणि जुनं पुढे, नाहीतर तळाशी पोरकिडे आणि वर नवीन माल अशी गत होते. दुसरा सिलिंडर असेल तर पहिला संपला त्याच दिवशी नंबर लावायचा.

औषधांचं थोडं कडक आहे. रोजच्या गोळ्या महिनाभराच्या जास्त ठेवा आणि निम्मं पाकीट संपलं की पुढचं आणा. सासूबाईंचं न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्याला न चिकटवता. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. थर्मामीटर, ओआरएसची दहा पाकिटं, पॅरासिटामॉल ५०० च्या वीस गोळ्या. ओआरएसच्या पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, आणि चोवीस तासांनंतर उरलेलं ओतून द्यायचं. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला एक गोळी, पुन्हा लागली तर सहा तासांनी. सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतंच. दोन्ही एकदम घेतल्या की नकळत दुप्पट पोटात जातं आणि यकृताला इजा होते. पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय लावून घ्या. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडून लिहून आणा.

अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड मात्र घरात साठवू नका, हे मी हात जोडून सांगते. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर, त्यात वाढलेली साखर, यातून २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, किती घरांचं नुकसान केलं ते आपण पाहिलंय. या बाईंच्या औषधांच्या डब्यात दोन्ही निघालं. शेजारणीने दिलेलं होतं.

“आमच्याकडे एकच संडास-बाथरूम, वेगळं कुठे ठेवणार?” हा प्रश्न प्रत्येक वन बीएचकेवाल्याचा असतो. बेडरूम आजाऱ्याला, बाकीचे हॉलमध्ये. बेडरूमची खिडकी उघडी आणि तिच्यात टेबल फॅन बाहेर तोंड करून, म्हणजे खोलीतली हवा बाहेर फेकली जाते. तोच पंखा दाराकडे तोंड करून ठेवला तर सगळी हवा हॉलमध्ये येते; ही चूक फार घरांत होते. दाराखालच्या फटीला टॉवेल लावा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आहे तीच फिरवतो, म्हणून तो बंद. आजाऱ्याने संडास-बाथरूम शक्यतो सगळ्यांच्या शेवटी वापरायचं, मास्क लावून, आणि नंतर अर्धा तास एक्झॉस्ट चालू किंवा झरोका उघडा. नळ, कडी, बटणं पुसायला एक लिटर पाण्यात वीस मिली ब्लीच, पाच टक्क्यांचं असेल तर. रोज ताजं करायचं, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये ते कधीही मिसळायचं नाही. विषारी क्लोरीन वायू तयार होतो आणि छोट्या बाथरूममध्ये माणूस गुदमरतो.

मास्क माणशी दहा एन-९५ पुरतात. व्हॉल्व्ह नसलेले घ्या, कारण व्हॉल्व्हमधून आपला श्वास न गाळता बाहेर जातो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे हवा आली तर मास्क नीट बसलेला नाही. दाढीवर तो बसतच नाही. धुवायचा तर अजिबात नाही. इलॅस्टिक सैल झालं की टाकून द्यायचा. बाईंचे दिवाणातले जुने मास्क काढले, तेव्हा निम्म्यांची इलॅस्टिकं ओढताच तुटली. “म्हणजे मी इतकी वर्षं हे उगाच...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, आणि मीही त्यांच्या वतीने पुरं केलं नाही.

शेवटचं कलम त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. यादी पूर्ण आहे, नवीन वस्तू आणायची तर आधी घरातल्या सगळ्यांशी बोलेन. बातम्या दिवसातून एकदा, संध्याकाळी पंधरा मिनिटं. डबा वर्षातून दोनदा उघडायचा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत. सासूबाईंची फ्लूची लस दरवर्षी डॉक्टरांना विचारून.

२०२५ च्या मे महिन्यात कोविडचे रुग्ण पुन्हा वाढल्याच्या बातम्या आल्या. नवऱ्याचा फोन आला. बाईंनी डबा उघडला, पॅरासिटामॉलची मुदत संपत आली होती ती बदलली, कागदावर एका डॉक्टरांचा नंबर जुना झाला होता तो खोडून नवा लिहिला आणि डबा बंद केला. दुकानात एवढ्या गोळ्यांपुरत्याच गेल्या. “मॅडम, हिला विचारलं भीती वाटते का, तर म्हणाली वाटते की, पण काय करायचं ते माहितीय.” ते वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे.

यादी पूर्ण करूनही रात्री झोप लागत नसेल, वारंवार मोजण्यावाचून किंवा हात धुण्यावाचून राहवत नसेल, तर ते एकट्याने सोसू नका. जवळच्या समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जा. सरकारच्या टेली मानसच्या १४४१६ या नंबरवर कुठल्याही वेळी मोफत आणि मराठीत बोलता येतं. हा नंबरही फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवा.