स्प्रूसचे भ्रूण पक्व होत नाहीत, अॅब्सिसिक आम्ल वाढवू का?

नॉर्वे स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची भ्रूणजन्य ऊती (जिच्यातून प्रयोगशाळेत भ्रूण घडवता येतात) २,४-डी (ऑक्सिन) आणि बीए (सायटोकायनिन) या वाढ-संप्रेरकांच्या माध्यमावर भराभर वाढते, पण तिथून थेट ३० मायक्रोमोलर अॅब्सिसिक आम्ल या संप्रेरकावर हलवली की बीजपत्रे असलेले भ्रूण जेमतेम मिळतात, असं तुम्ही लिहिलंय. मात्रा दुप्पट करावी का, हा तुमचा प्रश्न.

करू नका. स्प्रूसला ३० मायक्रोमोलर सहसा पुरतं. फक्त बाटलीवरचं लेबल पाहा: बाजारातलं स्वस्त अॅब्सिसिक आम्ल दोन रूपांचं मिश्रण असतं आणि त्यातलं निम्मंच नैसर्गिक रूपातलं असतं. ते प्रकाशात खराब होतं, म्हणून उजेडापासून जपा. गाळून निर्जंतुक करा आणि ऑटोक्लेव्ह झालेलं (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेलं) माध्यम कोमट झाल्यावर घाला.

माझ्या मते खरी अडचण आधीच्या टप्प्यात आहे. ऑक्सिन आणि सायटोकायनिन समोर असेपर्यंत पेशींचे पुंजके नुसते वाढत राहतात. ही दोन्ही संप्रेरकं काढून घेतल्यावरच त्या पुंजक्यांतून भ्रूण घडायला लागतात. अॅब्सिसिक आम्ल घडलेल्या भ्रूणाला पक्व करतं. त्याच्यात साठ्याची प्रथिनं आणि मेद भरतात, आणि अवेळी अंकुरण्याला आळा बसतो. भ्रूण घडलाच नसेल, तर ते पक्व तरी कशाला करणार?

म्हणून मध्ये साधारण आठवडाभर ऊती संप्रेरकविरहित माध्यमावर ठेवा. या काळात पुंजक्यातल्या बऱ्याच पेशी मरतात. ते पाहून घाबरू नका, पेशींचं हे नियोजित मरण भ्रूण घडण्याचाच भाग आहे. मात्र आठवड्याच्या फार पुढे ताणू नका. रोज थोडी ऊती काचपट्टीवर घ्या, अॅसिटोकार्मिन आणि इव्हान्स ब्लू या रंगद्रव्यांनी रंगवा. भ्रूणांची लाल, घट्ट, गोलसर डोकी आणि त्यांच्यामागे निळ्या लांब पेशी नीट वेगळ्या दिसल्या की अॅब्सिसिक आम्लावर हलवायची वेळ झाली. कॅलेंडरपेक्षा मी या रंगांवर जास्त विश्वास ठेवतो.

पुढचे पाच ते सात आठवडे अंधारात. ऊती हे आम्ल शोषून मोडत असते, त्यामुळे दर दोन-तीन आठवड्यांनी ताजं माध्यम द्या. पीईजी ४००० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, माध्यमात पाण्याचा ताण आणणारं) घातलं तर भ्रूणांची संख्या वाढते खरी, पण नॉर्वे स्प्रूसमध्ये पुढे मुळांची वाढ मंदावलेली आढळली आहे. मला रोपं हवी असतील तर मी आधी पीईजीशिवायच करून पाहीन.

पक्व भ्रूण लगेच रुजवू नका. आधी दमट हवेत सावकाश अर्धवट वाळू द्या, मग संप्रेरकविरहित माध्यमावर ठेवा.

एवढं करूनही यश आलं नाही, तर दुसऱ्या बियांपासून काढलेली ओळ (म्हणजे एका बीपासून वाढवत नेलेली ऊती) घ्या. काही जनुकप्रकार कशालाच दाद देत नाहीत. आणि जी ओळ चांगली निघेल, तिचा काही भाग तिथल्या तिथे द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर साठवा. वारंवार सबकल्चर करत (ताज्या माध्यमावर हलवत) गेल्यावर भ्रूण देण्याची क्षमता हळूहळू ओसरते.