ताशावरून ड्रमसेटवर आलोय, स्टिक कोणत्या घेऊ?

तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही दिग्रसजवळच्या गावातले, लहानपणापासून गणपतीत ताशा वाजवत आलात. आता गावच्या पोरांनी मिळून ऑर्केस्ट्रा काढलाय आणि वर्गणी करून जुना ड्रमसेट घेतलाय. दुकानदाराने जाड स्टिक दिल्या, तर अर्ध्या तासात मनगट भरून येतं. मित्राच्या सांगण्यावरून बारीक आणल्या, तर महिन्याभरात दोन मोडल्या. पुढच्या आठवड्यात नागपूरला जाणार आहात, तेव्हा नेमक्या कोणत्या आणू, असं तुम्ही विचारलंय.

भाऊ, मी सोळा वर्षं वाजवतोय. सुरुवातीला बँड पार्टीत आणि वरातीत, नंतर वडशाकडच्या नाटकांत, आणि उन्हाळ्यात लग्नाचे ऑर्केस्ट्रे. तुमच्यासारखाच जाड-बारीकच्या घोळात मी दोन वर्षं घालवली, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे वडसा-अर्जुनीकडच्या पूर्व विदर्भात, नाटकाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. मंडई म्हणजे गावची जत्रा असो की शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, त्या गावात रात्री नाटक असतंच. दहा-अकराला पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. मी पहिल्या हंगामाला गेलो तेव्हा हातात बँडच्याच स्टिक होत्या, २ बी, म्हणजे चांगल्या १६ मिलिमीटर जाड. अर्जुनी मोरगावकडचं एक गाव, जानेवारीची थंडी, मांडव वावरात. पहिल्या अंकाला काही वाटलं नाही. रात्री दोनच्या सुमारास अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जागा बधिर झाली. हात बधिर झाला की माणूस स्टिक आणखी आवळतो, आणि आवळली की ती उडायची थांबते. लावणी सुरू झाली, तिच्यातला रोल, म्हणजे सलग झपाझप पडणारे ठोके, तुटक पडायला लागला. ऑर्गनवर बसलेले काका वाकून म्हणाले, "काऊन गा, हात आखडला का?" बाजूला ऑक्टापॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमचं पॅड, वाजवणाऱ्याने त्याच्या जादा स्टिक पुढे सरकवल्या, ७ ए, माझ्याहून बारीक. दहा मिनिटांत हात मोकळा झाला. पण पहाटेच्या मारामारीच्या प्रसंगाला त्याच स्टिकने झांज वाजवली, तर मागच्या रांगेपर्यंत आवाज गेला नाही.

त्या रात्रीपासून मी स्टिक एकाच कसोटीवर घेतो: आपण सगळ्यात जास्त वेळ जे वाजवतो, त्याच्या तिसऱ्या तासाला हात कसा असेल. दुकानात पाच मिनिटं तर कोणतीही स्टिक बरी वाटते.

आता आकड्यांचं सांगतो, कारण दुकानदार तेच बोलतात. आकडा जितका मोठा तितकी स्टिक सहसा बारीक. ७ ए साधारण १३.७ मिलिमीटर जाड आणि साडेपंधरा इंच लांब. ५ ए साधारण १४.४ मिलिमीटर आणि १६ इंच. ५ बी तितकीच लांब, पण १५.१ मिलिमीटर. २ बी १६ मिलिमीटर. ही मापं विक फर्थची आहेत. हे विक फर्थ बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रात टिंपनी, म्हणजे नगाऱ्यासारखे मोठे ड्रम, वाजवायचे. हाताशी मनासारख्या स्टिक नव्हत्या म्हणून स्वतः बनवायला लागले आणि १९६३ मध्ये कंपनी काढली. दुसऱ्या कंपनीची ५ ए तंतोतंत एवढीच असेल असं धरू नका. प्रोमार्कची ५ ए १४ मिलिमीटरची येते. कागदावर फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी, पण बोटांना तो पहिल्याच ठोक्याला कळतो. म्हणून नुसतं "५ ए द्या" म्हणून बांधून आणू नका.

अक्षरांची गोष्ट मला फार आवडते. जुन्या अमेरिकन पद्धतीत एस म्हणजे रस्त्यावरच्या मिरवणुकीची स्टिक, बी म्हणजे बँडची आणि ए म्हणजे ऑर्केस्ट्राची. आज ही अक्षरं इतकी काटेकोर राहिलेली नाहीत, तरी आपल्याकडचा वाजवणारा बघा: वरात, बँड आणि नाटक, तिन्ही ठिकाणी तोच माणूस बसतो. मग एकाच जोडीने सगळं कसं भागेल? वरातीत उघड्यावर आवाज चारही बाजूंना उडून जातो, तिथे वजन लागतं. मांडवात माइक लावलेला असतो, तिथे जोर कमी आणि दम जास्त लागतो.

तुमचं मूळ दुखणं मात्र मला जाडीचं वाटत नाही. ताशाचं तोंड कडक ताणलेलं असतं, काडी हलकी आणि लवचिक. काडी टेकली की ताशाच तिला परत फेकतो, हाताला उचलावं लागत नाही. ड्रमसेटच्या स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक ताणलेल्या छोट्या ड्रमवर, हे थोडंफार मिळतं. फ्लोअर टॉमवर, म्हणजे बाजूला जमिनीवर उभ्या असलेल्या मोठ्या ड्रमवर, मिळत नाही, कारण त्याचं चामडं सैल असतं. ताशाचा हात तिथे स्टिक आत दाबत राहतो आणि सगळा धक्का मनगट खातं. त्यामुळे फार बारीक स्टिक घेतली तर तुम्ही अजून जोर लावणार आणि मोडणार. फार जाड घेतली तर उचलतानाच थकणार. तुम्हाला मधली हवी.

मोडलेल्या दोन स्टिक फेकल्या नसतील तर समोर ठेवून नीट बघा. वापरलेली स्टिक वाजवणाऱ्याचं सगळं सांगते. टिप म्हणजे स्टिकचं पुढचं बोंड, तिच्या खाली, जिथे स्टिक निमुळती व्हायला लागते, त्याला आम्ही खांदा म्हणतो. खांदा उंदराने कुरतडल्यासारखा झाला असेल तर हाय-हॅट आणि क्रॅश या झांजांच्या कडेचा मार आहे. मधोमध खाचा पडून तिथूनच मोडली असेल तर रिमशॉट: स्नेअरच्या लोखंडी कडेवर स्टिक पडतेय. नुसती टिप झिजून तिचे धागे निघाले असतील तर वाजवण्यात दोष नाही, स्टिकचं आयुष्य संपलं एवढंच. आणि मानेपाशी, टिपेजवळ, कटकन तुटली असेल तर बहुतेक झांज आडवी सपाट लावलेली आहे आणि तुम्ही तिच्या धारेवर सरळ आडवा घाव घालताय. झांज आपल्याकडे थोडी झुकवा, वरचा नट इतका ढिला ठेवा की ती डोलली पाहिजे, आणि मारताना हात किंचित बाजूला ओढून घ्या. माझ्या एका शिष्याच्या महिन्याला तीन जोड्या जायच्या. फक्त झांजेचा कोन बदलला, तर एक जोडी पूर्ण लग्नसराई टिकली.

लाकडाचं आपल्या भागातल्या माणसाला वेगळं समजावायला नको. कुऱ्हाडीला सागाचा दांडा कोणी घालत नाही, धावड्याचा घालतात. साग दिसायला देखणा, पण धक्का बसला की चिरतो. धावडा धक्का पिऊन घेतो. ड्रमस्टिकसाठी जगभर जे लाकूड सगळ्यात जास्त चालतं ते हिकरी, आणि अमेरिकेत कुऱ्हाडी-हातोड्यांचे दांडेही हिकरीचेच असतात. कारण तेच: घाव बसला तरी झिणझिण्या हातापर्यंत येऊ देत नाही. मी एकदा गावच्या सुताराकडून धावड्याच्या स्टिक करून घेतल्या होत्या. मोडल्या नाहीत, पण इतक्या जड झाल्या की एका गाण्यानंतर ठेवून दिल्या. मेपलच्या स्टिक हलक्या असतात. हात मोठा असेल, पकडायला जाडी हवी पण वजन नको, तर मेपल. ओकच्या जड आणि टिकाऊ, पण माझ्या अनुभवात हिकरी मोडण्याआधी धागे सोडून सांगते, ओक न सांगता तुटते. कार्यक्रमाच्या मध्यात तुटणारी स्टिक मला नको, म्हणून मी हिकरीवरच आहे.

टिपेबद्दल लोक फार वाद घालतात. मला त्यात दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. बोरासारखी गोल टिप झांजेवर स्वच्छ, टोकदार वाजते. थेंबासारखी लांबट टिप थोडी भरीव आणि मऊ. दुसरं म्हणजे लाकूड की नायलॉन. नायलॉनची टिप १९५८ मध्ये जो कॅलाटो या अमेरिकन ड्रमरने काढली, कारण लाकडी टिपा झिजून फाटायच्या. तिने झांज जास्त चमकदार वाजते. तुमचा सेट जुना आहे, म्हणजे झांजाही स्वस्तातल्या पत्र्याच्या असण्याची शक्यता जास्त. अशा झांजेवर नायलॉन लावली तर कानाला टोचतं. तुम्ही लाकडी टिपच घ्या.

ऑक्टापॅड वाजवणार असाल तर त्यासाठी ७ ए ची जोडी वेगळी ठेवा आणि ती झांजेला कधी लावू नका. झांजेने फाटलेली टिप पॅडचं रबर खरवडते. पॅडवर आवाज कमी वाटला म्हणून जाड स्टिक घेणारे खूप बघितले. अहो, पॅडमध्ये सेन्सिटिव्हिटीचं सेटिंग असतं, ते वाढवा, हाताला का शिक्षा? आणि मंदिराच्या सभामंडपात भजनाच्या साथीला बसायची वेळ आली तर रॉड्स मिळतात: बारीक काड्यांची जुडी बांधलेली, छोट्या खराट्यासारखी. त्यांनी सेट इतका हळू वाजतो की टाळ-मृदंग झाकले जात नाहीत.

दुकानात गेल्यावर घाई करू नका. चार-पाच जोड्या काउंटरवर काढायला सांगा. एकेक स्टिक काचेवर किंवा सपाट फळीवर घरंगळवा. टिप वर-खाली नाचली तर ती वाकडी आहे, बाजूला ठेवा. मग लाकडाच्या रेषा बघा. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत, मध्येच तिरप्या होऊन कडेला निघाल्या तर तिथूनच चिरणार. दांडा निवडताना सुतार हेच बघतो. त्यानंतर दोन्ही स्टिक एकामागून एक हलक्याने काउंटरवर वाजवा आणि कान द्या. एक ठण् आणि एक ठप् आली तर लाकडाची घनता वेगळी, जोडी जुळलेली नाही. मी एकदा ऑनलाइन मागवलेली जोडी अशी निघाली. डाव्या हाताचे ठोके सतत मागे पडत होते, आणि मी महिनाभर सरावात चूक शोधत बसलो.

शेवटची परीक्षा तोलाची. स्टिक मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर अंगठा आणि पहिल्या बोटात अलगद धरा, बाकीची बोटं सोडा, आणि प्रॅक्टिस पॅडवर किंवा जाड वहीवर पडू द्या. किती वेळा उडते ते मोजा. ज्या स्टिकचं निमुळतेपण लांब असतं तिचं तोंड हलकं, ती पटापट उडते. रोल वाजवायला सोपी. ज्या स्टिकचं निमुळतेपण आखूड असतं तिचं वजन पुढे असतं, ठोका भरीव पडतो, पण उचलायला कष्ट. तुमच्या ताशाच्या हाताला लांब निमुळती एकदम घरच्यासारखी वाटेल. तरी मध्यम घ्या, कारण सेटवर तुम्हाला टॉमचा आवाजही काढायचाय.

तर तुमच्यासाठी: हिकरीची ५ ए, लाकडी गोल टिप, मध्यम निमुळती, दोन जोड्या. उघड्यावरच्या कार्यक्रमाला ५ बी ची एक जोडी. नावाजलेल्या कंपनीची जोडी हजाराच्या आसपास जाते, साधी दोन-तीनशेत मिळते. पैसे कमी असतील तर ५ बी साधी घ्या, ५ ए मात्र चांगली घ्या, कारण रोजचा सराव तिच्यावर होणार आणि हाताला सवय तिचीच लागणार. नव्या स्टिकवर चकचकीत लॅकर असेल आणि मे महिन्याच्या लग्नात घामाने निसटत असेल, तर पकडायच्या जागेपुरता बारीक पॉलिश पेपर चार वेळा फिरवा. सगळं लॅकर काढू नका, नाहीतर पावसाळ्यात लाकूड ओल ओढून घेतं. आणि कार्यक्रम संपला की स्टिक मेटॅडोरच्या डॅशबोर्डवर किंवा घरी टिनाखाली टाकू नका. आपल्याकडच्या ४५ अंशाच्या उन्हात एका दुपारीत वाकतात. कापडी पिशवीत, घरातल्या गार खोलीत, खिळ्याला उभ्या टांगून ठेवा.