विकसनशील देशातल्या टेक प्रोजेक्टमध्ये इतके स्टेकहोल्डर, म्हणजे प्रोजेक्टशी संबंध येणारे सगळे लोक, सांभाळायचे कसे? कोणाची ताकद किती आणि कोणाला रस किती, असा पॉवर-इंटरेस्टचा चौकोन काढून उपयोग होतो का?

होतो, पहिल्या आठवड्यापुरता. पण ज्यांची ताकद कमी म्हणून आपण त्यांना चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात टाकतो ना, प्रोजेक्ट तिथेच मरतो, आणि हे मी स्वतः बघितलंय म्हणून लिहितेय.

सरकारी आरोग्य केंद्रांतल्या औषधसाठ्याचं ॲप होतं, बाहेरचा निधी, दोन वर्षांची मुदत, मी फील्डवर ट्रेनिंग द्यायचे. कमिटीत सचिव, फंडरची माणसं, व्हेंडर सगळे होते, मिनिट्सवर सह्या झाल्या. स्टोअर सांभाळणाऱ्या क्लार्कना मात्र कोणी विचारलंच नाही. एका केंद्रावर क्लार्कबाईंनी जाडजूड रजिस्टर माझ्यासमोर उघडलं आणि म्हणाल्या, मॅडम, ऑडिटला हेच लागतं, सही-शिक्क्याचं, तुमचं मोबाईलवरचं कोण मानणार? म्हणजे प्रत्येक नोंद दोनदा, दिवसभर पेशंट, मग रजिस्टर, मग ॲप, आणि साठा कमी दिसला की मेमो परत यांनाच.

मी येऊन प्रोजेक्ट मॅनेजरला सांगितलं की ऑडिटवाल्यांना मीटिंगला बोलवा, ॲपचं प्रिंटआउट चालेल असं लेखी घ्या. तो म्हणाला ते आपले स्टेकहोल्डरच नाहीत, कमिटीने मंजूर केलंय, वरून पत्रक काढू, करतील. पत्रक निघालं. क्लार्क महिनाअखेरीस एकदम बसून तीस दिवसांचे आकडे भरायला लागले, डॅशबोर्ड सगळा हिरवा आणि केंद्रावर ओआरएस संपलेलं. निधी थांबल्यावर सहा महिन्यांत सर्व्हरही बंद. त्याने रिपोर्टमध्ये याला चेंज रेझिस्टन्स म्हटलं. रेझिस्टन्स नव्हता तो, दुप्पट काम होतं, हे मी आजही त्याच्या तोंडावर सांगेन.

आणि हे एकट्या आमचं नाही. अशा प्रोजेक्टचा अभ्यास करणारे संशोधक रिचर्ड हीक्स यांनी २००३ मध्ये विकसनशील देशांतल्या ई-गव्हर्नमेंट प्रोजेक्टचा अंदाज मांडला होता: ३५ टक्के पूर्ण फेल, ५० टक्के अर्धवट, १५ टक्केच यशस्वी, कारण काय तर डिझाइन आणि वास्तव यातली दरी. युगांडात २०१२ मध्ये आरोग्य मंत्रालयाला मोबाईलवरचे नवीन पायलट, म्हणजे प्रायोगिक प्रोजेक्टच, थांबवावे लागले, इतके ते एकमेकांशी न जुळणारे, सुटेसुटे झाले होते. उलट केनियात एम-पेसा या मोबाईलवरून पैशांचे व्यवहार करायच्या सेवेचा २००५ चा पायलट छोट्या कर्जाचे हप्ते भरण्यासाठी होता, लोक मात्र ते एकमेकांना पैसे पाठवायला वापरायला लागले, टीमने ते बघितलं आणि २००७ मध्ये पैसे पाठवण्याची सेवा म्हणूनच बाजारात आणलं. मध्यवर्ती बँकेशीही आधीच बोलणं केलं होतं, लाँच झाल्यावर नाही. आमच्याकडे ऑडिट खात्याशी हेच करायला हवं होतं.

तर तुमच्या यादीत आधी कागदावर सही कोणाची लागते ते लिहा, मग ती नोंद हाताने कोण करतं ते, आणि त्यांच्याशेजारी एक पूर्ण दिवस बसा. मंत्रालय आणि फंडरची भांडणं कशी मिटवायची, ते काम मी कधी केलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही. मुदत चुकली की निधीचा हप्ता अडकतो हेही खरं, त्या मॅनेजरवर ते प्रेशर होतंच. तरी ऑडिट ऑफिसरला एक फोन करायला किती वेळ लागला असता?