नव्या संगणकाला सर्व्हर का नको झाला?

प्रश्न : ताई, नमस्कार. वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा छापखाना आहे, वडिलांपासूनचा. लग्नपत्रिका, बिलबुकं, औषधांची खोकी अशी कामं असतात. विंडोजचे चार संगणक, डिझाइनसाठी एक आयमॅक आणि जुन्या कटिंग प्लॉटरला जोडलेला एक्सपीचा संगणक, कारण प्लॉटरचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही. एका जुन्या पीसीवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून भाच्याने सांबा सर्व्हर (सगळ्या संगणकांना एकाच जागेवरून फायली देणारा) करून दिला. ए३ लेझर प्रिंटरही त्यालाच यूएसबीने जोडलाय. बरीच वर्षं नीट चाललं. मध्ये भाच्याने उबुंटू अपग्रेड केलं आणि एक्सपी सर्व्हरवर जाईना. आता पेनड्राइव्हने फायली नेतो. गेल्या महिन्यात विंडोज ११ प्रोचा संगणक घेतला, तर तो गेस्टला (पासवर्डशिवाय येणाऱ्या पाहुण्याला) प्रवेश नाही असा संदेश देऊन थांबतो. आयमॅकवर केलेली फाइल विंडोजवर उघडते, पण सेव्ह होत नाही. सर्व्हरमार्फत ए४ची प्रिंट काढली की खालचा भाग कापला जातो. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, एसएमबी वन (संगणकांची फायली वाटून घ्यायची जुनी बोली) चालू करा आणि सगळ्यांना गेस्ट ठेवा. करू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नका करू. मेकॅनिकच्या उपायाने संध्याकाळपर्यंत सगळं चालू होईल हे मलाही माहीत आहे. मीही एकदा तेच केलं होतं.

तुर्भ्याला एका वाहतूकदाराच्या कार्यालयाचं नेटवर्क मी बघत असे. मालक घाईत होते, गाड्या सुटायच्या होत्या, म्हणून बिलांचं फोल्डर मी सगळ्यांना खुलं करून ठेवलं. नंतर नीट करू म्हटलं आणि राहून गेलं. एका मुलाने मेलमधली फाइल उघडली आणि त्याच्या संगणकाबरोबर शेअरमधली तीन वर्षांची बिलं कुलूपबंद झाली. लिनक्स सर्व्हरला स्वतःला काही झालं नव्हतं. पण त्या संगणकाला फोल्डरमध्ये लिहायची मुभा होती, आणि सगळं पुसायला तेवढी पुरते. बॅकअप दीड महिन्यापूर्वीचा होता. मधल्या नोंदी मालकांच्या पत्नीने आणि मी कागदी बिलबुकांवरून एकेक करून चढवल्या. त्यानंतर मी कुठेही गेस्ट ठेवलेला नाही.

एसएमबी वनचं तर आणखी वाईट. मे २०१७ मधला वॉनाक्राय आणि जून २०१७ मधला नॉटपेट्या हे व्हायरस, दोन्ही विंडोजच्या एसएमबी वनमधल्या भोकातून एका संगणकातून दुसऱ्यात पसरले. नॉटपेट्याच्या वेळी आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडलं होतं. त्याच वर्षापासून नव्या विंडोज १० मध्ये एसएमबी वन येणं थांबलं, आणि २०१९ मध्ये सांबाच्या ४.११ आवृत्तीनेही ते मुळातच बंद ठेवलं. तुमचा एक्सपी अपग्रेडनंतर रुसला तो यामुळे. त्याला दुसरी बोलीच येत नाही.

आता विंडोज ११ कडे येते. प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून प्रत्येक निरोपावर सही मागितली जाते. सहीची किल्ली पासवर्डवरून तयार होते. गेस्टला पासवर्डच नसतो, मग सही कशाची करणार? आणि उबुंटूबरोबर येणाऱ्या सांबाच्या सेटिंग फाइलमध्ये ‘मॅप टू गेस्ट’ ही ओळ ‘बॅड यूजर’ अशी असते, म्हणजे सर्व्हरला नाव ओळखीचं वाटलं नाही की तो गुपचूप त्या माणसाला गेस्ट ठरवतो. जुनी यंत्रं ते चालवून घेत होती. नवं घेत नाही. ती ओळ ‘नेव्हर’ करा. मग नाव चुकलं तर चुकलं असं स्पष्ट कळेल आणि अर्धा गोंधळ तिथेच संपेल.

पुढचं काम म्हणजे प्रत्येक माणसाला स्वतःचं नाव देणं. संगणकाला नको, माणसाला द्या. (आज्ञा इंग्रजीत टाइप करायच्या, इथे उच्चार लिहिते.) आधी लिनक्सवर त्या माणसाचं खातं, मग ‘एसएमबीपासडब्ल्यूडी डॅश ए’ आणि त्याचं नाव. हा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा साठवला जातो. लोक हमखास इथेच अडतात, खातं आहे पण सांबाला त्याचा पत्ताच नाही. विंडोजमध्ये ईमेलने लॉगिन करत असाल तर तो संगणक सर्व्हरलाही ईमेलच सांगतो, म्हणून पहिल्यांदा विचारेल तेव्हा सर्व्हरचं नाव, उलटी तिरकी रेघ आणि मग माणसाचं नाव असं लिहा. शिवाय विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी एकाच नावाने बोलतं. जुनं गेस्टचं कनेक्शन तसंच असेल तर नवं नाव स्वीकारत नाही. ‘नेट यूज स्टार स्लॅश डिलीट’ चालवा आणि मग जोडा.

सेव्ह न होण्याचं कारण लिनक्सच्या मालकी हक्कात आहे. आयमॅकवरून आलेली फाइल डिझायनरच्या नावावर चढते आणि बाकीच्यांना फक्त वाचायची मुभा राहते. ‘छापखाना’ असा गट करा, सगळ्यांना त्यात घाला, कामाचं फोल्डर त्या गटाचं करून त्याला २७७० परवानगी द्या. त्यातला पहिला २ महत्त्वाचा: आत जे काही तयार होईल ते आपोआप गटाच्याच मालकीचं होतं. सांबाच्या शेअरमध्ये ‘फोर्स ग्रुप’, ‘क्रिएट मास्क’ ०६६०, ‘फोर्स क्रिएट मोड’ ०६६०, ‘डिरेक्टरी मास्क’ २७७० आणि ‘व्हॅलिड यूजर्स’मध्ये तोच गट. आधीच्या फायलींचा गट आणि परवानगी एकदा हाताने बदलावी लागेल. कोणी ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) करा म्हटलं तर ऐकू नका.

मॅकसाठी सांबात ‘फ्रूट’ नावाचं मोड्यूल आहे, ते ‘कॅटिया’ आणि ‘स्ट्रीम्स एक्सअॅट्र’ बरोबर लावतात. ते सेटिंग फाइलच्या ग्लोबल भागात (सगळ्या शेअरना लागू होतो तो) लावा, कारण मॅक पहिल्या शेअरला जोडतानाच काय काय चालेल ते ठरवून घेतो. एका शेअरला फ्रूट आणि दुसऱ्याला नाही असं झालं की विचित्र अडचणी येतात. तुमच्यासारख्या ठिकाणी मी पुसलेली फाइल जपून ठेवणारं ‘रीसायकल’ही लावतेच. नेटवर्कवरून पुसलेली फाइल विंडोजच्या कचरापेटीत जात नाही, सरळ जाते, आणि लग्नपत्रिकेची फाइल लग्नाच्या हंगामात पुसली गेली तर काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. मात्र शेअरच्या भागात ‘व्हीएफएस ऑब्जेक्ट्स’ची (मोड्यूलांची नावं देणारी) ओळ लिहिली की ती ग्लोबलमधली ओळ पूर्ण पुसून टाकते. त्यामुळे चारही नावं एकाच ओळीत लिहा, नाहीतर रीसायकल आलं आणि फ्रूट गेलं असं होईल. शेवटी सेटिंगमधल्या चुका दाखवणारं ‘टेस्टपार्म’ चालवा, मगच सर्व्हिस पुन्हा सुरू करा.

डिझायनरला सांगा, फाइलच्या नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उभी रेघ नको. मराठी नावं चालतात. फक्त ‘दुसऱ्या’, ‘पुऱ्या’ अशा शब्दांतला अर्धा ऱ जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवर र आणि नुक्ता असा फोडून साठवला जातो, तर विंडोजवर तो एकसंध टाइप होतो. लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी नावं. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली दिसल्या तर घाबरू नका, कारण हे असू शकतं.

प्रिंटरसाठी सांबाच्या नादी लागूच नका. २०२१ मधल्या प्रिंटनाइटमेअर प्रकरणानंतर (विंडोजच्या छपाई सेवेत सापडलेलं भोक) शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर उतरवायला विंडोज प्रशासकाचा अधिकार मागतं, आणि सांबावर ड्रायव्हर चढवत बसण्यात दिवस जातो. उबुंटूवर छपाई सांभाळणारं कप्स असतंच. ब्राउझरमध्ये सर्व्हरचं ६३१ क्रमांकाचं पोर्ट उघडा, प्रिंटर शेअर करायच्या खुणेवर टिक करा. अवाही सेवा चालू असेल तर आयमॅकला प्रिंटर आपोआप दिसेल. विंडोजवर ‘नावाने प्रिंटर निवडा’ यात त्याच ६३१ पोर्टचा पूर्ण पत्ता द्या आणि कंपनीचा ड्रायव्हर निवडा. कापलेल्या कडांवरून मला वाटतं कप्समध्ये मूळ कागद अमेरिकन लेटर आहे. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर, आपला ए४ २१० बाय २९७. उंचीतले ते अठरा मिलिमीटर कुठे जातात ते तुम्ही रोज बघताय. कप्सच्या मूळ पर्यायांत ए४ ठेवा आणि प्रत्येक संगणकाच्या ड्रायव्हरमध्येही तपासा.

आता एक्सपी. त्याला सर्वांच्या नेटवर्कवरून काढा. सर्व्हरमध्ये दुसरं लॅन कार्ड बसवा आणि तिथून एक केबल थेट एक्सपीला न्या. वेगळे आयपी पत्ते द्या, गेटवेची जागा रिकामी ठेवा, म्हणजे तो इंटरनेटवर जाणारच नाही. त्या एकाच कार्डावर एफटीपी (फायली नेण्या-आणण्याची जुनी पद्धत) सर्व्हर चालवा, फक्त ‘प्लॉटर’ या फोल्डरपुरता. एक्सपीच्या एक्सप्लोररमध्ये एफटीपीचा पत्ता टाकला की फोल्डर उघडतं, आणि तेच फोल्डर बाकीच्यांना सांबातून दिसेल. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, पण त्या केबलवर तिसरं कोणी नाही. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षा दुरुस्त्यांचा नियमित आधार उरलेला नाही. प्लॉटर चालतोय तोवर तो संगणक जपायचा तर असाच जपावा लागेल. पेनड्राइव्ह बंद करा.

राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी राखून ठेवा. पावसाळ्यात वीज गेली-आली की राउटर नवा पत्ता देतो आणि सकाळी सर्व्हर ‘हरवतो’. विंडोजच्या नेटवर्कमध्ये सर्व्हर नावाने दिसायला हवा असेल तर ‘डब्ल्यूएसडीडी’ टाका. पूर्वीचं ते दिसणं एसएमबी वनबरोबरच गेलं. हे सगळं सुट्टीच्या दिवशी करा, आणि आधी पूर्ण फोल्डरची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

प्रश्न : सांबा फुकट आहे, मग कंपनीच्या हिशेबांसाठी भरवशाचं आहे का? आमचे लेखापाल नको म्हणतात.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : भरवशाचं आहे. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस कॅनबेराच्या विद्यापीठात शिकताना याची सुरुवात केली. डॉसचा पीसी आणि युनिक्सचं यंत्र फायली वाटून घेऊ शकत नव्हते, म्हणून तारेवरून काय जातंय ते बघत बघत त्यांनी हे लिहिलं. नाव हवं होतं तेव्हा शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरं असलेला शब्द शोधला आणि सांबा मिळाला. युरोपातल्या स्पर्धा खटल्यानंतर डिसेंबर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टची तांत्रिक कागदपत्रंही या मंडळींना करार करून मिळाली. लेखापालांची काळजी मात्र दुसऱ्या बाजूने रास्त आहे: फुकट म्हणून कोणाची जबाबदारी नाही, असं कार्यालयात होतं. अपडेट कोण करणार, बॅकअप कोण तपासणार, हे एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा, मग हिशेब खुशाल ठेवा.

प्रश्न : खारघरला आमच्या सोसायटीच्या कार्यालयात दोन संगणक आणि एक प्रिंटर आहे. सर्व्हर घ्यावा का?
— सोसायटीच्या सचिव

उत्तर : नको, ताई. प्रिंटरला लॅनचं भोक असेल तर त्याची केबल सरळ राउटरमध्ये घाला. दोन्ही संगणकांना तो मिळेल. सभासदांच्या नोंदी एका संगणकावर पासवर्डसह शेअर करा आणि महिन्यातून एकदा दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर आळीपाळीने उतरवा. एक पेनड्राइव्ह कार्यालयाबाहेर, खजिनदारांच्या घरी असू द्या.