आई-बाबांना घेऊन मँचेस्टरहून एका दिवसात नॉर्थ वेल्सचे किल्ले आणि डोंगर पाहायचे आहेत. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. गाईडेड टूर घ्यावी की गाडी भाड्याने?

टूर घ्या. स्वतः गाडी चालवलीत तर लानबेरिसच्या खिंडीत तुमचा सगळा जीव अरुंद रस्त्यात आणि कडेच्या दगडी बांधांत अडकेल. डोंगर बघतील ते मागे बसलेले. फक्त टूर निवडताना ठिकाणांची यादी जितकी लांब, तितकी ती टूर टाळलेली बरी. कॉन्वी आणि कर्नार्वनचे किल्ले आणि परतताना खिंड, एवढ्यात दिवस भरतो.

दोन्ही किल्ल्यांचं काम इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२८३ मध्ये सुरू केलं. आदल्याच वर्षी वेल्सचा राजपुत्र लुएलिन मारला गेला होता. गड म्हटला की आपली नजर डोंगरमाथ्याकडे जाते, इथे किल्ले पाण्याला चिकटून आहेत. आतला मुलूख शत्रूचा, तेव्हा रसद समुद्रातूनच यायला हवी. पुढे १२९४-९५ च्या बंडात खुद्द एडवर्ड कॉन्वीत अडकून पडला होता! गाईड हे सांगत नसेल तर विचारा. नाहीतर आठ बुरूज मोजून तुम्ही बाहेर पडाल.

आईच्या गुडघ्यांचं म्हणाल, तर कॉन्वीचे बुरुजांतले जिने गोल, अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत. त्यांनी खाली थांबावं, नाहीतर गावाच्या तटबंदीलगत फिरावं. कर्नार्वनला किंग्ज गेटमध्ये आता लिफ्ट आहे, तिथे त्यांनाही वरून बघता येईल. बहुकोनी बुरूज आणि भिंतींतले रंगीत दगडांचे पट्टे तिथेच. चार्ल्सला १९६९ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सची वस्त्रं चढवली तीही याच किल्ल्यात, आणि त्याला विरोध करणारे वेल्श लोक तेव्हाही कमी नव्हते. बहुतेक टूरमध्ये किल्ल्याचं तिकीट वेगळं असतं, बुकिंगआधी बघून घ्या.

अर विद्वा, म्हणजे स्नोडन, हे वेल्सचं सर्वांत उंच शिखर १०८५ मीटर. कळसूबाईपेक्षा बराच बुटका, पण डोंगर चढत असतो जवळजवळ समुद्रसपाटीपासून, त्यामुळे खालून अंगावर येतो. ढगांनी दिसू दिला तर. शिखरावर जाणाऱ्या रेल्वेला जाऊन-येऊन अडीच तास लागतात. टूरच्या दिवसात ती बसवायला जाऊ नका.

त्याऐवजी लानबेरिसला बस थांबली तर डॉल्बादार्नला जा. एडवर्डचा नव्हे, वेल्श राजांचा किल्ला. त्याच लुएलिनच्या आजोबांनी बांधलेला. उरलाय जेमतेम एक गोल बुरूज, समोर तळं आणि स्लेटच्या खाणीने कापून काढलेला डोंगर. तिकीट नाही, गर्दी बेताची. थोडा चढ आहे, पण बाबा चढतील. माझं मत विचाराल तर वेळ कमी पडल्यास कर्नार्वनमधला अर्धा तास कापा, हा थांबा नको.