तुमचे प्रश्न : भाडेकरूचा धर्म आणि मिरवणुकीचा हत्ती

या अंकासाठी तीन पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारला आहे.

प्रश्न : वकीलताई, दापोलीत आमचा एक फ्लॅट रिकामा आहे. मंडणगडकडचं एक मुस्लिम जोडपं भाड्याने मागतंय. ती नर्स आहे, तो बँकेत आहे. मी सोसायटीच्या ग्रुपवर कळवलं आणि मेसेज सुरू झाले. ‘सगळे मुसलमान दहशतवादी नसतात, पण सगळे दहशतवादी मुसलमानच असतात.’ ‘त्र्याण्णव विसरलात? दाऊद आपल्या खेडचाच.’ ‘पहलगामला धर्म विचारून मारलं.’ त्या दोघांना नाही म्हणणं मला पटत नाही. पण खरं सांगते, मनात धाकधूक आहे. सोसायटी मला अडवू शकते का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : धाकधूक आहे हे मोकळेपणाने लिहिलंत, बरं केलंत. २२ एप्रिल २०२५ला पहलगामजवळ २६ माणसं मारली गेली. त्यांत डोंबिवलीचे तिघे होते, आणि मारणाऱ्यांनी धर्म विचारला होता. धर्माचं नाव घेऊन बंदूक चालवणाऱ्या संघटना आहेत आणि त्यांनी या देशात फार रक्त सांडलं आहे. हे आडपडदा न ठेवता मान्य करूनच पुढचं बोलते. त्याच बैसरणच्या कुरणात पर्यटकांना वाचवायला हल्लेखोराच्या अंगावर गेलेला घोडेवालाही मारला गेला. तो तिथलाच, मुसलमान.

ग्रुपवरचं ‘सगळे दहशतवादी’वालं वाक्य मात्र धडधडीत खोटं आहे. १९९१मध्ये श्रीपेरुम्बुदूरला राजीव गांधींना मारणारी बाई एलटीटीई या श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोर संघटनेची होती. १९८५मध्ये एअर इंडियाच्या कनिष्क विमानात ३२९ माणसं गेली, तो बॉम्ब खलिस्तानवाद्यांचा. २०१०मध्ये दंतेवाड्यात ७६ जवान मारले ते माओवाद्यांनी. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीची सरकारी इमारत १९९५मध्ये उडवली आणि १६८ माणसं मेली, तेव्हा आधी सगळ्यांची बोटं अरबांकडे वळली होती. पकडला गेला तो त्यांच्याच सैन्यात राहिलेला गोरा तरुण. नॉर्वेतले ७७, ख्राइस्टचर्चच्या मशिदींतले ५१, त्यांना मारणारेही गोरेच... यादी वाढवत नाही.

आता त्र्याण्णव. ते आपल्याच किनाऱ्यावर घडलं, म्हणून नीट आठवू या. जानेवारी १९९३मध्ये दिघीच्या जेटीवर हत्यारं उतरली. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी माल अडवला आणि पैशाच्या बोलीवर सोडून दिला. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. कट रचणारे बहुतेक मुसलमान होते, आणि आदल्या डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींचा सूड म्हणून त्यांनी हे केलं. पण ज्यांनी डोळे मिटून वाट दिली, ते कस्टमचे आणि पोलिसांचे लोकही टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या कोर्टात दोषी ठरले. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या रस्त्यावर त्या दिवसांत कोणी नाव-गाव विचारण्यापेक्षा गाडीतला माल उघडून पाहिला असता, तर मुंबईतली किती घरं वाचली असती! मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त छळतं ते हेच.

दाऊदचं मूळ गाव खेड तालुक्यातलं मुंबके, हे खरं. त्याचे वडील मुंबई पोलिसांत हवालदार होते, हेही खरं. एकाच घरात बाप पोलीस आणि मुलगा गुंड निघतो. तिथे तालुक्याला किंवा जमातीला जबाबदार धरून कोणता गुन्हा उकलणार?

नावावर आणि पेहरावावर विसंबणाऱ्याला फसवणं किती सोपं, ते २६ नोव्हेंबर २००८ला दिसलं. कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांकडे हिंदू नावांची बनावट ओळखपत्रं होती. कसाबच्या मनगटावरचा लाल धागा त्या प्रसिद्ध फोटोत आजही दिसतो. १६६ बळी गेले, त्यांत मुसलमानही बरेच होते. आणि मेलेल्या नऊ हल्लेखोरांना मुंबईच्या कब्रस्तानात जागा द्यायला मुसलमानांच्या ट्रस्टनेच नकार दिला.

फौजदारी वकिलीत माझं आयुष्य गेलं, त्यामुळे एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. जात-धर्म पाहून संशयित ठरवला की खरा गुन्हेगार निसटतो. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ला शब-ए-बरातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेले ते मुसलमान, पकडले तेही मुसलमान. नऊ जण. पाचेक वर्षं तुरुंगात काढल्यावर जामीन, आणि २०१६मध्ये कोर्टाने त्यांना आरोपातून मुक्त केलं. तोवर एक जण मरून गेला होता. त्याच मालेगावात २००८ला स्फोट होऊन सहा जण मेले. या वेळी आरोपी हिंदू होते, आणि सातही जण ३१ जुलै २०२५ला पुराव्याअभावी सुटले. त्याच्या दहा दिवस आधी, २१ जुलैला, मुंबई हायकोर्टाने २००६च्या लोकल स्फोटांतले बाराही दोषी निर्दोष ठरवले. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आहे. या दोन निकालांवर लोक काय बोलत होते ते मी बाररूममध्ये ऐकत होते. लोकलच्या निकालावर हळहळणारे मालेगावच्या निकालावर पेढे वाटत होते, आणि लोकलच्या निकालावर खूश झालेले मालेगावच्या निकालावर संतापले होते. निकालपत्र उघडून पुरावा कुठे तुटला ते वाचणारे थोडे. लोकलमध्ये १८०हून जास्त माणसं गेली. त्यांच्या घरच्यांना आणि मालेगावच्या त्या सहा घरांना, मारलं कोणी, याचं उत्तर आजही मिळालेलं नाही. ‘इस्लामी’ म्हणून मोकळं झालो काय किंवा ‘भगवा’ म्हणून मोकळं झालो काय, त्या घरांच्या पदरात काही पडत नाही.

किनाऱ्यावरच्या एका गावातली आई माझ्याकडे आली होती. मुलाला चौकशीला नेलं, दोन दिवसांनी सोडलं, काही निघालं नाही. कागदावर साधी नोंदसुद्धा नव्हती. पण दुबईच्या नोकरीचं बोलावणं गेलं, ठरलेली सोयरीक मोडली, आणि वर्षानुवर्षं मासळी घेणारी गिऱ्हाइकं तिच्या टोपलीपाशी थांबेनाशी झाली. ती मला म्हणाली, “वकीलबाय, केस असती तर सुटला असं तरी सांगता आलं असतं.” तिच्यासाठी कुठल्या कोर्टात कुठला अर्ज करायचा, ते कायद्याच्या पुस्तकात नाही.

तुमच्या फ्लॅटबद्दल. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीची आगाऊ परवानगी लागत नाही, आधी लेखी कळवावं लागतं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त मागता येत नाही. तुमच्या सोसायटीचे उपविधी एकदा काढून वाचा आणि कोणी ‘तसा ठराव आहे’ म्हणालं तर ठरावाची प्रत लेखी मागा. करार नोंदणीकृत करा, कायद्याने ते बंधनकारक आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. मात्र गोखले, जाधव, मुकादम, कोणीही आलं तरी द्या. तपासणी सगळ्यांची सारखी असली की ती खरी तपासणी. आणि त्या दोघांना किल्ली देण्याआधी एकदा घरी चहाला बोलवा.

प्रश्न : आम्ही श्रीवर्धनकडचे मच्छीमार. समुद्रात अनोळखी होडी दिसली आणि कळवलं, तर उगाच भानगडीत पडू का? आणि खोटा संशय निघाला तर?
— एक खलाशी

उत्तर : जरूर कळवा. सागरी सुरक्षेचा नंबर १०९३, नाहीतर ११२. होडीचा नंबर, रंग, वेळ, दिशा, काय चढवलं-उतरवलं, एवढं सांगा. होडीवरचे ‘कसले दिसत होते’ हे सांगू नका, त्याचा तपासाला काडीचा उपयोग नाही. ऑगस्ट २०२२मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला ‘लेडी हान’ नावाची बोट लागली, आत तीन एके-४७ सापडल्या. राज्यभर नाकाबंदी झाली, फोनाफोनीत कोणकोणाची नावं घेतली गेली. तपासात निघालं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईची. जूनमध्ये ओमानजवळ इंजिन बंद पडलं, माणसांना दुसऱ्या जहाजाने वाचवलं आणि रिकामी बोट भरकटत आपल्याकडे आली. पोलिसांना कळवलं म्हणून तर हे स्पष्ट झालं. संशय खोटा निघाला तर तपासाने एक काम चोख केलं असं समजायचं.

प्रश्न : मी दोडामार्ग तालुक्यातल्या आमच्या देवस्थान समितीचा खजिनदार आहे. जीर्णोद्धार पूर्ण झालाय, कलशारोहणाच्या मिरवणुकीला बाहेरून हत्ती भाड्याने आणायचं घाटतंय. जाणती माणसं म्हणतात, “हत्ती इलो म्हणजे गणपतीच इलो.” एकाने तर सुचवलं, रानातले हत्ती आमच्या बागा खातातच, त्यांतला एक पकडून देवळाला द्या, दोन्ही प्रश्न सुटतील. कॉलेजात शिकणारी माझी मुलगी म्हणते, बाबा, हे पाप आहे. मी मध्ये अडकलोय.
— एक खजिनदार

उत्तर : तुमची मुलगी बरोबर बोलते आहे.

आधी रानातल्या हत्तींचं. २००२पासून कर्नाटकातून ते तिलारीच्या खोऱ्यात येतात. माड, पोफळी, केळी एका रात्रीत भुईसपाट होतात. २०२५च्या एप्रिलमध्ये मोर्ल्यात काजूच्या बागेत गेलेल्या शेतकऱ्याचा जीव गेला. ज्याची बाग गेली त्याच्यासमोर उभं राहून भूतदयेवर प्रवचन द्यायची माझी हिंमत नाही. नुकसानभरपाई वेळेवर आणि बाजारभावाने मिळाली पाहिजे, हाकारी पथकांना माणसं आणि साधनं मिळाली पाहिजेत, आणि यासाठी भांडायला मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण रानटी हत्ती पकडणं मुख्य वन्यजीव रक्षकाच्या आदेशाशिवाय गुन्हा आहे, आणि तो देवळाला ‘देता’ येत नाही. २०१५मध्ये माणगाव खोऱ्यातले तीन हत्ती पकडून आंबेरीला ठेवले होते. ते तिथे कसे राहिले, ते पाहिलेली माणसं तुमच्या जिल्ह्यात आहेत. समितीतल्या त्या गृहस्थांनी त्यांना जाऊन विचारावं.

भाड्याच्या हत्तीबद्दल. घाटावरच्या एका जत्रेत मी अगदी जवळून पाहिला होता. पुढचा एक आणि मागचा एक पाय साखळीत. साखळीखालची जखम हळदीने माखलेली, म्हणजे लांबून ती सजावटच वाटावी. पुढच्या पायाचं नख उभं चिरलेलं, आणि तो पाय तो जमिनीवर पुरता टेकत नव्हता. सनई वाजत होती आणि तो एकसारखा डुलत होता. बाजूच्या बाया पोरांना दाखवत होत्या, “बघ, गणपतीबाप्पा नाचतोय.” जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. बांधलेल्या, एकट्या ठेवलेल्या हत्तीचं ते डुलणं मन कोंडल्याचं लक्षण आहे, रानातला हत्ती तसा डुलत नाही. हत्तीण तर आई, मावशा, बहिणींच्या कळपात जन्मभर राहणारं जनावर. दिवसाला दीडशे किलोच्या घरात चारा खातं, मैलोन् मैल चालतं. माणसाच्या हुकमात आणायला पिल्लाला कळपापासून तोडतात, बांधून उपाशी ठेवतात, त्याचा विरोध संपेपर्यंत मारतात. पुढच्या साऱ्या आज्ञाधारकपणाच्या मुळाशी ती भीती असते आणि माहुताच्या हातातला अंकुश तिची आठवण देत राहतो.

नांदणीच्या जैन मठातली हत्तीण महादेवी आठवा. तिला न्यायला गाडी आली तेव्हा शिरोळ तालुका रडला. ते अश्रू खरे होते, त्या लोकांना नावं ठेवणं मला मान्य नाही. पण कोर्टापुढे तिच्या पायांची, नखांची, सांध्यांची अवस्था सांगणारे अहवाल होते. माणसांच्या धार्मिक वापरापेक्षा तिच्या चांगल्या जगण्याचा हक्क मोठा, असं हायकोर्टाने जुलै २०२५मध्ये ठरवलं आणि सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. कोल्हापूरजवळच्या जोतिबाचा सुंदर हत्ती २०१४मध्ये असाच कोर्टाच्या आदेशाने बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्ट्याला गेला. महादेवीला जामनगरच्या ‘वनतारा’ केंद्रातच का नेलं, एवढ्या मोठ्या उद्योगसमूहाच्या केंद्रावर देखरेख कोणाची, हे प्रश्न विचारायलाच हवेत. मात्र त्यांच्या आडून काँक्रीटवरच्या साखळीचं समर्थन होऊ नये.

शिवाय धोका. फेब्रुवारी २०२५मध्ये केरळात कोयिलांडीच्या उत्सवात फटाक्यांनी हत्ती बिथरले, तीन माणसं मेली. तुमच्याकडे कलशारोहणाला फटाके वाजणार नाहीत, असं समिती लिहून देईल का? अपघात झाला तर आयोजक म्हणून पहिली सही खजिनदाराची तपासली जाते.

आणि श्रद्धेचं म्हणाल, तर आपल्या कोकणात देव हत्तीवर बसून कधी आला? शिमग्याला पालखी माणसांच्या खांद्यावरून येते, दारोदार नाचते. तरंगं, म्हणजे देवाच्या सजवलेल्या काठ्या, माणसांच्या हाती असतात. तुमच्या कलशाला याहून मोठा मान कोणता द्यायचा आहे? गावाला हत्ती हवाच असेल, तर केरळात त्रिशूरजवळच्या इरिंजाडप्पिल्ली देवळाने २०२३पासून यांत्रिक हत्ती ठेवला आहे, पोरंसोरं त्याच्याभोवती बिनधास्त असतात. तुमच्या सावंतवाडीत लाकडात हुबेहूब हत्ती घडवणारे कारागीर आहेत, त्यांना काम द्या. उरलेली वर्गणी ज्यांच्या बागा गेल्या त्यांना रोपं घ्यायला द्या, असं मी समितीत असते तर सुचवलं असतं.

आता कागदाचं. हत्तीवाल्याकडे मालकीचं प्रमाणपत्र आहे का, वाहतुकीची परवानगी आहे का, पशुवैद्यकाचा दाखला आहे का, हे सावंतवाडीच्या उपवनसंरक्षक कार्यालयाला समितीच्या लेटरहेडवर लेखी विचारा. उत्तर हाती येईपर्यंत एक रुपयाही बयाणा देऊ नका. आणि पुढच्या बैठकीला मुलीला बरोबर न्या, तिला काय म्हणायचं आहे ते जाणत्यांना तिच्याच तोंडून ऐकू द्या.