फोटो काढण्यात कसली नोकरी?

स. न. वि. वि.

आपली मुलगी परभणीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकते, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेली नॅनोकणांची (डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची) चित्रे पाहून तिने याच क्षेत्राचा ध्यास घेतला आहे, आणि ‘यंत्रापुढे बसून फोटो काढण्यात कसली नोकरी?’ असे आपण विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. नुसते फोटो काढण्यात फारसे काही नाही; त्यात काय दिसते आणि कशाचा पुरावा अजून मिळालेला नाही, हे नेमके लिहिणाऱ्याला मात्र मागणी आहे.

साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, म्हणून 1931 मध्ये रुस्का आणि नॉल या शास्त्रज्ञांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरले, तर 1981 मध्ये बिनिग आणि रोहरर यांनी टोकदार सुईने पृष्ठभागाचा वेध घेण्याची रीत काढली. पण यंत्र कितीही चांगले असले तरी वाचणारा सावध हवा. नमुन्याच्या आरपार इलेक्ट्रॉन पाठवणाऱ्या, म्हणजे पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्र सावलीसारखे सपाट असते. त्यात वर्तुळाकार दिसणारा कण चेंडूसारखा असू शकतो किंवा वरून पाहिलेली चकतीही असू शकते, त्यामुळे नमुना तिरका करून पुन्हा पाहिल्याशिवाय त्याला ‘गोल’ म्हणू नये. ‘आकार 20 नॅनोमीटर’ एवढ्यानेही भागत नाही. किती कण मोजले आणि त्यांच्यात फरक किती, हे सांगावे लागते. क्ष-किरण विवर्तनातून (नमुन्यावर पडून विखुरलेल्या क्ष-किरणांवरून केलेल्या मोजमापातून) मिळणारा आकार स्फटिकाचा असतो आणि एका कणात असे अनेक स्फटिक असू शकतात, म्हणून दोन आकडे जुळले नाहीत तर त्यांतला एक चूकच असेल असे नाही. देखणे चित्र तेवढे ठेवून बाकीची टाकून देण्याची सवय मात्र मला अक्षम्य वाटते.

संशोधन संस्थांप्रमाणेच औषध, रंग आणि सेमीकंडक्टर उद्योगांनाही अशी मोजमापे लागतात. त्यासाठी मुलीने आत्तापासून प्रकाशशास्त्र, घनावस्था भौतिकी आणि संख्याशास्त्र पक्के करावे आणि ‘इमेजजे’ या मोफत सॉफ्टवेअरवर कण मोजण्याचा सराव करावा. एम.एस्सी.साठी छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील नॅनोतंत्रज्ञान विभागात चौकशी करावी आणि आयआयटी जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेचीही तयारी ठेवावी. प्रवेश कोठेही घ्या. विद्यार्थ्यांना यंत्र स्वतः हाताळू देतात की नमुना देऊन केवळ चित्र मिळते, हे तेथील जुन्या विद्यार्थ्यांना आधी विचारून घ्या.